कमी घ्या, पुरवून वापरा: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं आमच्या घरातली खरेदी मी हळूहळू कमी करत आणली आहे. तेव्हापासून लग्नाच्या मांडवात, भाजी घेताना, मोबाइलवर, कुठेही लोक गाठून विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाचे एका जागी लिहून ठेवते आहे. उत्तरं जुळे सोलापुरातल्या चार माणसांच्या एका घरातून आलेली आहेत, तेवढं ध्यानात ठेवून वाचा. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ताई, कमी खरेदी म्हणजे चिंगूसपणाच ना?

चिंगूस माणूस कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवालीशी दोन रुपयांवरून भांडतो आणि घरी येऊन मोबाइलवर तिसरं घड्याळ मागवतो. मी भाजीवालीला मागेल ते देते, घड्याळ मागवत नाही. पैसे दोघांचेही वाचतात, पण हिशेब वेगळा आहे.

वस्तू घरात येण्याआधीच तिच्यावर पाणी, वीज आणि कुणाचे तरी हात खर्ची पडलेले असतात. कापसाच्या शेतापासून रंगाईपर्यंत धरलं तर एका सुती टी-शर्टाला साधारण अडीच हजार लिटर पाणी लागतं, असा जगभरच्या सरासरीवर काढलेला अंदाज आहे. दोनशे लिटरची साडेबारा पिंपं. ज्या गावात नळाला पाणी कधी येणार याचे दिवस मोजले जातात, तिथे हा आकडा आणखी समजावून सांगायची गरज नाही.

२. सुरुवात कशापासून करू?

वहीपासून. महिनाभर काहीही बदलू नका. किराणा, भाजी, औषधं आणि फी सोडून जी वस्तू घरात येईल ती लिहा: कुणी आणली आणि का. माझ्या पहिल्या महिन्याच्या यादीत अकरा वस्तू निघाल्या. त्यातल्या चारांपुढे 'स्वस्त मिळाली म्हणून' असं लिहिलं होतं. तीन वस्तू घरात आधीच होत्या, सापडत नव्हत्या म्हणून पुन्हा आणलेल्या. आमच्याकडे आजही नेलकटर पाच आहेत.

म्हणून वहीनंतरचं काम म्हणजे घर आवरणं. आवरायचं, टाकून द्यायचं नाही. त्यात फरक आहे आणि तो प्रश्न १४ मध्ये येतो.

३. प्लॅस्टिकचे सगळे डबे काढून काचेचे आणि स्टीलचे घेऊ का?

नका घेऊ. लोणचं, तेलकट आणि गरम पदार्थ घरातल्या स्टीलच्या डब्यांत हलवा. डाळी, रवा, शेंगदाणे आहेत तिथेच राहू द्या, डबा तडकेपर्यंत. हल्ली बांबूचा ब्रश, ज्यूटची पिशवी, काचेची बाटली असा 'हिरवा' संच विकायला असतो. ती जुनीच खरेदी आहे, फक्त खाकी कागदात गुंडाळलेली.

४. कपडे किती असावेत? आणि फाटलेल्यांचं काय करायचं?

आकडा मी सांगणार नाही. मे महिन्यात चाळीसच्या वर पारा असताना बाहेर फिरणाऱ्याला दिवसाला दोन जोड लागतात, एसीत बसणाऱ्याला एक पुरतो. दिवाळीला सगळे हँगर उलटे टांगा आणि घातलेला कपडा परत ठेवताना सुलटा करा. पुढच्या दिवाळीला जे उलटेच राहिले असतील ते तुम्हाला लागत नाहीत.

दुरुस्तीच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. गणवेश शिवण्याचा एवढा मोठा धंदा या शहरात आहे की शिलाईचं मशीन येणारी बाई गल्लीत सापडतेच. चेन बदलणं, काज-बटण, बाहीला जोड देणं ही कामं लगेच होतात. रफू करणारे मात्र कमी होत चाललेत. तुमच्या माहितीत कुणी असेल तर त्याला काम देत राहा. मुलांचा गणवेश शिवतानाच टेलरला सांगा की पँटच्या पायाशी दोन-तीन इंच आत दुमडून ठेवा. एक वर्ष जास्त निघतं, नंतर धाकटा आहेच.

अगदी विरलेल्या सुती साड्यांची वाकळ शिवून घ्या. यात एक अडचण लोक नंतर सांगतात: सिंथेटिक साडी वाकळीत घातली तर थर सरकतात, घाम शोषला जात नाही आणि ती उन्हाळ्यात अंगावर घेववत नाही. तसली साडी पडद्याला, गादीच्या खोळीला किंवा कूलरवर धूळ बसू नये म्हणून झाकायला वापरा. घालण्याजोगे कपडे बोहारणीला द्यायला हरकत नाही. पण तिच्याकडून दरवेळी नवं पातेलं घेत राहिलात तर कपाट रिकामं होऊन मांडणी भरेल.

५. आम्ही मागावर पोट भरणारी माणसं. सगळ्यांनी खरेदी कमी केली तर आमची चूल कशी पेटायची?

हा प्रश्न शहराच्या पूर्व भागातून, विणकरांच्या वस्तीतून येतो आणि दरवेळी मला गप्प करतो. कमी वापराचं बोलणाऱ्यांनी तो टाळू नये.

मला दिसतं ते असं. माझ्या कपाटात पंधरा चादरी असल्याने विणकराची मजुरी वाढत नाही. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, तरीही दुसरीकडे विणलेल्या चादरी 'सोलापुरी' म्हणून देशभर विकल्या जातात. स्वस्त म्हणून तसल्या चार घेण्यापेक्षा इथे विणलेली, वजनाला भरीव अशी एक घ्या. लेबलावर उत्पादकाचं नाव आणि सोलापूरचा पत्ता बघा आणि योग्य भाव द्या. माझ्या आईच्या रुखवतातली चादर मी अजून पांघरते, किनार तेवढी दोनदा शिवली.

आता खरी अडचण. सगळेच असं वागले तर विकल्या जाणाऱ्या चादरींची संख्या घटेल. भाव वाढून ती तूट भरून निघेलच असं छातीठोकपणे मी म्हणू शकत नाही. म्हणून माझ्यापुरता क्रम ठरवला आहे. हजारो किलोमीटरवरून येऊन वर्षाच्या आत कचऱ्यात जातं ते आधी बंद. गल्लीतल्या शिंप्याचं, चांभाराचं, मागावरच्या माणसाचं काम सगळ्यात शेवटी.

६. लग्नातल्या आहेराचं काय करायचं? नाही दिला तर लोक नावं ठेवतात.

सगळ्यात जास्त विचारणा याच प्रश्नाची. सोलापुरात आहेर म्हणजे टॉवेल-टोपी, साडी, ब्लाउजपीस. घरोघरी एक ट्रंक त्यानेच भरलेली असते. त्यातला निम्मा माल कुणी अंगाला लावत नाही, तो एका मांडवातून दुसऱ्या मांडवात जातो. आम्ही दिलेला एक टॉवेल, कोपऱ्यावर हळदीचा डाग असलेला, अडीच वर्षांनी आमच्याकडेच परत आला. दिला तेव्हाच तो पातळ होता, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं.

लोकांनी केलेले आणि थोडेफार जमलेले उपाय सांगते.

पत्रिकेवर 'आहेर स्वीकारला जाणार नाही' असं छापायचं असेल तर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांशी आधी बोला. आमच्या घरच्या एका लग्नात ओळ छापली आणि मांडवात एका आत्याबाईंनी सगळ्यांचा आहेर वही घेऊन लिहून घेतला. जे पत्रिका वाचून रिकाम्या हाताने आले होते त्यांना कानकोंडं झालं. असं अर्धवट करण्यापेक्षा ओळ न छापलेली बरी.

मानाचे आहेर अगदी मोजक्या घरांचे ठेवा, मामा, आत्या, व्याही, आणि ते नीट द्या: एक दणकट टॉवेल, माणसाला विचारून घेतलेली एक साडी. बाकीच्यांना नारळ, किंवा पाव किलो शेंगाचटणी. चटणीची पुडी देणाऱ्या एका घराला सुरुवातीला लोक हसले; आता त्यांच्या कार्याला गेलेली माणसं पुडी मिळाली का म्हणून विचारतात.

घेताना मात्र नियम सैल ठेवा. गावाकडून एसटीने आलेल्या आजीने पिशवीतून ब्लाउजपीस काढला तर तो घ्यायचा, शिवायचा आणि पुढच्या वेळी तिच्यासमोर घालायचा. तिथे तत्त्व सांगत बसू नये.

७. संक्रांतीच्या वाणालाही हेच लागू का?

हो, ही प्रश्न ६ चीच धाकटी बहीण. प्लॅस्टिकच्या गाळण्या, आरसे, छोटे डबे नकोत. कापडी पिशव्याही आता पुरे, प्रत्येकीकडे दहा-बारा झाल्यात. तीळ, गूळ, शेंगदाणे, वेलदोडे, म्हणजे खाऊन संपेल असं काहीही. संक्रांतीलाच सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, तिथे मुलं खेळणं मागणारच. एक घेऊन द्या. पाळण्यात दोनदा बसवलंत तर दुसऱ्याचा हट्ट बहुधा सुटतो.

८. नळाला पाणी आलं की आधीचं 'शिळं' म्हणून ओतून देतो. चुकतं का?

चुकतं. झाकलेल्या स्वच्छ पिंपातलं पाणी चार-पाच दिवसांत नासत नाही. त्यातला क्लोरिन मात्र उडून जातो, म्हणून हात किंवा घाणेरडा तांब्या बुडवला तर जंतू वाढू शकतात. उपाय म्हणजे लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटीचं पिंप. पिण्याचं पाणी गाळून, उकळून घ्या.

पण याची दुसरी बाजूही आहे. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा प्रत्येक भांडं पूर्ण रिकामं करून, आतून घासून, वाळवायलाच हवं. अंडी भिंतीला चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी धुणं काढा, फरशी पुसा, उरलेलं कुंड्यांना घाला आणि मग भांडी घासा. पाणी नुसतं गटारात न ओतता दोन्ही कामं होतात. ज्या घरी नळ आल्यावर बाई झोपेतून उठून आधी पिंपं उपडी करते, तिथे हे वेळापत्रक बसायला महिनाभर लागतो.

९. आरओच्या नळीतून वाया जाणाऱ्या पाण्याचं काय?

बादलीत धरा. फरशी, संडास, भांड्यांचा पहिला हात यांना चालतं. कुंड्यांना रोज घालू नका, क्षार साचतात. त्याआधी एक बघा: आरओ लागतोच का? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची योग्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. तुमच्या नळाचं पाणी त्याच्या आत असेल तर क्षार काढण्यासाठी आरओची गरज नाही, साधा फिल्टर आणि उकळणं भागतं. बोअरचं पाणी पीत असाल तर गोष्ट वेगळी.

१०. उन्हाळ्यात कूलर बरा की एसी? कूलर पाणी खातो, एसी वीज.

आपला मार्च ते मेचा उन्हाळा कोरडा, म्हणून कूलर इथे खरंच काम करतो. कोकणातल्या पाहुण्याला हे पटत नाही. घरगुती कूलर साधारण दीडशे-दोनशे वॉट घेतो, दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना त्याच्या सात-आठ पट. पण कडक उन्हात कूलर तासाला चार-पाच लिटर पाणी सहज पितो. रात्रभरात एक-दोन बादल्या.

मी असं करते: कूलरमध्ये कपडे खळबळल्याचं शेवटचं, साबण नसलेलं पाणी वापरत नाही, वास येतो. स्वच्छ पाणीच घालते, आणि ते वाचवण्यासाठी घर आधीच कमी तापेल असं बघते. गच्चीला चुन्याचा पांढरा हात, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून पडदा, दहा वाजता खिडक्या बंद आणि रात्री उघड्या. आतून लावलेला पडदा फारसा उपयोगी नाही, तोवर काच तापून ऊन घरात आलेलं असतं. जूनमध्ये ढग जमले की कूलर निरुपयोगी होतो, तेव्हा पंखा.

घरात आजारी माणूस किंवा तान्हं बाळ असेल आणि एसी परवडत असेल तर चोवीस-सव्वीसवर लावा आणि मनाला खाऊ देऊ नका.

११. जुनी वस्तू चालू आहे, पण वीज जास्त खाते. बदलावी की पुरवावी?

'आहे ते वापरा' या नियमाला इथे अपवाद आहेत, आणि ते आकड्यानेच ठरवावेत.

जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा सुमारे ३०. आपल्याकडे बैठकीतला पंखा दिवसाला सोळा तास सहज फिरतो. फरक ४५ वॉटचा, म्हणजे दिवसाला ०.७२ युनिट, महिन्याला एकवीस-बावीस. हा पंखा बदलण्यात अर्थ आहे. पाहुण्यांच्या खोलीतला, जो दिवाळीला आणि मे महिन्यात पाहुणे आल्यावरच फिरतो, तो मुळीच बदलू नका.

फ्रीजचं इतकं सरळ नाही. आधी दाराच्या रबरात कागद धरून दार लावा. कागद अलगद निघाला तर रबर गेलंय, तेवढं बदला. मग वीज मोजणारा छोटा प्लग-मीटर कुणाकडून आणून आठवडाभर लावा, वर्षाचा हिशेब काढा आणि नव्या फ्रीजच्या लेबलावर छापलेल्या वार्षिक युनिटांशी ताडून बघा. निम्म्याहून जास्त वाचत असेल तर विचार करा. आणि नवा आणलात तर जुना 'असू दे कोल्ड्रिंकला' म्हणून मागच्या खोलीत चालू ठेवू नका. मी तसा दीड वर्ष ठेवला होता, म्हणून सांगते.

१२. ऑनलाइन सेल लागला की राहवत नाही.

वस्तू निवडा, पैसे भरू नका, वहीत तारीख टाका (प्रश्न २). पंधरा दिवसांनीही आठवण राहिली तर घ्या. सूचना बंद करा. एवढंच.

१३. जेवणातही काही बदलायचं का? आम्ही तर भाकरीच खातो.

मग निम्मं काम आजीनेच करून ठेवलंय. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी रब्बीत काळ्या, खोल जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. माणसाला दाणे मिळतात, जनावराला कडबा. याच जिल्ह्यात उजनीच्या पाण्यावर वाढणाऱ्या उसाला लागणारं पाणी आठवा आणि चहातल्या साखरेकडे बघा. मी साखर सोडली नाही, तिसरा चमचा सोडला.

वाया जाण्याच्या बाबतीत कडक भाकरीला तोड नाही. नीट वाळवलेली भाकरी कितीतरी दिवस टिकते, आमटीत कुस्करली की जेवण झालं. दुकानातून चटणी आणि भाकरी घेताना घरचा डबा न्या. सुरुवातीला दुकानदार वजनकाट्यावर डबा ठेवायला कुरकुरतात, तिसऱ्या वेळेपासून स्वतःच हात पुढे करतात. हुरड्याच्या सहलीला थर्माकोलच्या वाट्या दिसल्या तर मालकाशी बोला. पळसाच्या पत्रावळी त्याला माहीत असतातच.

१४. सासूबाई काहीच टाकू देत नाहीत. माळा भरलाय. हे पण शाश्वतच म्हणायचं का?

जपून ठेवणं आणि अडकवून ठेवणं यात माझ्या मते वापराचा फरक आहे. माळ्यावरचा पितळी बंब कुणी वापरत नसेल तर तो कुणाच्याच उपयोगाचा नाही, आणि त्याची डागडुजी करणारा माणूसही कामाला मुकतो. पण सासूबाईंना हे तोंडावर सांगू नका. एका रविवारी त्यांनाच खाली खुर्ची टाकून बसवा, एकेक वस्तू काढून दाखवा आणि ती कुठून आली ते विचारा. आमच्याकडे तीन रविवार गेले. दोन समया, एक पाटा आणि सतरा बाटल्या खाली आल्या. पाटा परत वापरात आहे. बाटल्यांपैकी पाच त्यांनी रात्री गुपचूप परत वर ठेवल्या.

१५. ओल्या कचऱ्याचं खत करायला घेतलं, पण ते कुजतच नाही. नुसतं वाळतं.

पुण्या-मुंबईच्या सूचना वाचून केलंत की इथे हेच होतं. त्यांची अडचण जास्त ओलाव्याची, आपली उलटी. मातीचं मडकं उन्हात ठेवलं तर भोकांमधून वाफ होऊन आठवड्यात चुरा होतो. मडकं सावलीत, उत्तरेच्या बाजूला ठेवा, भोकं कमी करा, वर ओलं पोतं टाका आणि आठवड्यातून दोनदा पाण्यात पातळ केलेलं ताक शिंपडा. मूठभर दाबल्यावर हाताला ओल लागली पाहिजे, पाणी गळता कामा नये. सुकी कडुलिंबाची पानं मिसळलीत तर चालतात, पण थोडी. ती कुजायला वेळ घेतात. दोन-अडीच महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत होतं. पावसाळ्यात मात्र पोतं काढा आणि सुक्या पानांचा थर वाढवा.

१६. जुने मोबाइल आणि बॅटऱ्या?

भंगारवाल्याला सुटे करून देऊ नका. तांब्यासाठी वायरी जाळल्या की तो धूर त्याच्याच पोराच्या छातीत जातो. दुकानदार किंवा कंपनी परत घेत असेल तिथे द्या. तोवर कोरड्या डब्यात ठेवा, फुगलेली बॅटरी वेगळी आणि घराबाहेर.

१७. आम्ही विड्या वळतो. आमच्या घरात जास्तीचं असं काही नाहीच. आम्ही काय कमी करायचं?

काही नाही. हे पान तुमच्यासाठी उपदेश म्हणून लिहिलेलं नाही. एका खोलीत पाच माणसांचं बिऱ्हाड, एक पंखा आणि दोन पातेली असणाऱ्याने आणखी काटकसर करावी असं म्हणणं निर्लज्जपणाचं आहे. तुम्हाला मिक्सर घ्यावासा वाटत असेल तर घ्या. उलट एक विनंती आहे: वाकळ शिवायला, कपडे दुरुस्त करायला तुमच्याकडे कुणी आलं तर मजुरी पूर्ण मागा. 'जुन्याच तर चिंध्या आहेत' असं म्हणून लोक भाव पाडतात.

१८. कुठली वस्तू जुनी घेऊच नये, किंवा मुदत संपल्यावर पुरवूच नये?

हेल्मेट. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी आतला थर दबलेला असू शकतो, दुसऱ्याचं वापरलेलं घेऊ नका. मुदत संपलेली औषधं. झिजलेले टायर, आपल्या तापलेल्या डांबरावर ते फुटायला वेळ लागत नाही. मुलांच्या बुटांचं विचारतात. सोल एका बाजूला झिजलेला नसेल तर मोठ्या भावाचे चालतात. आणि गॅसची नळी: तिच्यावर मुदतीचं वर्ष छापलेलं असतं, सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. हे वाचून झालं की उठून तेवढं वर्ष बघून या.